वहिनी, सोडा!

अमेरिकेतील हौशी सॉफ्टबॉलमध्ये स्त्री-पुरुषांचे मिश्र संघ खेळतात, आणि अशा संघांसाठी अनेक लीगच्या नियमपुस्तिकेत एक छोटेसे कलम असते. मैदानावर दहा खेळाडू असावेत, पाच पुरुष आणि पाच स्त्रिया. इनफिल्डमध्ये दोन पुरुष, दोन स्त्रिया. आउटफिल्डमध्ये दोन पुरुष, दोन स्त्रिया. आणि पिचर-कॅचर या जोडीत एक पुरुष, एक स्त्री. कलम येथे संपते. त्याच्या मागेपुढे बॅटच्या प्रकारांविषयी आणि पावसाने रद्द झालेल्या सामन्यांविषयी पानेच्या पाने मजकूर असतो, त्यामुळे ते वाचताना कुणी थांबत नाही. आम्ही मात्र गेली काही वर्षे या कलमापाशीच घुटमळत आहोत.

आम्ही म्हणजे मध्य न्यू जर्सीतील एका गावच्या लीगमध्ये खेळणाऱ्या पाच मराठी बायका. वये ३१ ते ५३. हा लेख पाच जणींनी बोलून, भांडून सिद्ध केला आणि एकीने टंकला. तेव्हा येथील 'आम्ही' हे आदरार्थी नव्हे, खरोखरीचे बहुवचन आहे. ते जेथे फुटले, तेथे फुटले असेच लिहिले आहे.

खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबात, बंदिस्त जागेत झाला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या तरुणांपैकी एकाने बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी त्यातून खेळ रचला, अशी त्याची कथा सांगतात. 'सॉफ्टबॉल' हे नाव त्याला १९२६ मध्ये मिळाले. हौशी मंडळी खेळतात तो प्रकार 'स्लो पिच'. पिचर चेंडू खालून, कमान करून टाकतो. तो टोलवणे कुणालाही जमते. म्हणूनच या प्रकारात सारा खेळ क्षेत्ररक्षणाचा होऊन बसतो. फटका बसणार हे ठरलेलेच असते. प्रश्न एवढाच की तो जेथे जाईल तेथे कोण उभे आहे. इनफिल्डमध्ये चौघे असतात: फर्स्ट बेस, सेकंड बेस, थर्ड बेस, आणि सेकंड व थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप. मागे गवतावर आणखी चौघे: लेफ्ट, लेफ्ट-सेंटर, राइट-सेंटर, राइट.

क्षेत्ररक्षकांच्या जागांवर नियमाने बंधन घालणे आपल्याला अपरिचित नाही. एकदिवसीय क्रिकेटमध्ये पहिल्या दहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोघांहून अधिक क्षेत्ररक्षक ठेवता येत नाहीत. लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोघांहून अधिक उभे करता येत नाहीत. पण हे नियम 'किती जण' एवढेच विचारतात. 'कोण' हे विचारत नाहीत. सॉफ्टबॉलचे कलम 'कोण' विचारते. आणि एकदा हा प्रश्न नियमात आला, की तो मैदानात राहत नाही. तो गाडीत, स्वयंपाकघरात, गणपतीच्या आरतीनंतरच्या प्रसादाच्या रांगेतही येतो. आमच्याकडे तो आला.

संघात आमचा प्रवेश कौतुकास्पद रीतीने झाला नाही. पुरुषमंडळी आधीपासून एकत्र खेळत होती. त्यांत दोघे मराठी, बाकीचे कुणी इटालियन वंशाचे, कुणी फिलिपिनो, कुणी तेलुगू. मिश्र लीगमध्ये नाव घालायचे तर पाच स्त्रिया हव्यात. आमच्या लीगमध्ये एक स्त्री कमी पडली तर फलंदाजीच्या क्रमातील तिची जागा रिकामी ठेवावी लागते आणि ती जागा आली की दर वेळी एक बाद धरला जातो. म्हणजे आम्ही संघात आलो त्या बाद होण्याला पर्याय म्हणून. पहिल्या वर्षी आमच्याकडून अपेक्षा होती ती एवढीच की आम्ही वेळेवर यावे. आम्ही आलो. डब्यात उपमाही आणला.

आता त्या कलमाचे प्रत्यक्षात काय होते ते पाहू. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जोरकस फटके बहुधा मैदानाच्या डाव्या बाजूला, म्हणजे थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपकडे जातात. इनफिल्डमधल्या दोन स्त्रिया म्हणून उजव्या बाजूला, फर्स्ट आणि सेकंड बेसवर उभ्या केल्या जातात. बेस चोरणे आमच्यासारख्या लीगमध्ये नसतेच. त्यामुळे कॅचरचे काम सर्वांत हलके, आणि पिचर-कॅचरच्या जोडीतली स्त्री बहुधा कॅचर असते. आउटफिल्डमध्ये एक स्त्री अगदी उजव्या कडेला, आणि दुसरी कुठेतरी दोन पुरुषांच्या मध्ये. कलमाची अक्षरे पूर्ण पाळली जातात. पाच जणी आहेत, पाच ठिकाणी आहेत.

परंतु हे कलम डोकी मोजते, जमीन मोजत नाही. आउटफिल्डमध्ये दोन स्त्रिया असाव्यात असे त्यात लिहिले आहे. त्यांच्या वाट्याला किती गवत यावे हे लिहिलेले नाही. एका सामन्यात राइट-सेंटरला उभ्या असलेल्या आमच्यातल्या एकीने डाव खेळता खेळता पावले मोजली. तिच्या आणि राइट फिल्डच्या बाईच्या मध्ये वीस पावले होती. तिच्या डावीकडचा लेफ्ट-सेंटरचा गृहस्थ मात्र तिच्यापासून बारा पावलांवर येऊन ठेपला होता, आणि त्याच्या पलीकडे लेफ्ट फिल्डपर्यंत मोकळे रान होते. ते रान तो धावून राखणार होता आणि शिवाय तिचेही राखणार होता. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. तो धावायला चपळ होता आणि संघ जिंकावा असे त्याला वाटत होते.

यातला विनोद असा की प्रतिस्पर्धी संघांना हे सारे ठाऊक असते. मिश्र सॉफ्टबॉलमधला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी बोलला जाणारा डावपेच म्हणजे फटका बाईकडे मारा. उजव्या हाताचा तरबेज फलंदाज उशिरा बॅट फिरवून चेंडू मुद्दाम सेकंड बेसकडे ढकलतो. परिणामी, जिला 'सुरक्षित' जागी उभे केले तिच्याकडेच चेंडू येत राहतात. आमची सेकंड बेसवाली तिसऱ्या हंगामापर्यंत संघातली सर्वांत भरवशाची क्षेत्ररक्षक झाली ती या अवमानाच्या कृपेने. घटवलेल्या अपेक्षेने तिला जेवढा सराव दिला तेवढा कोणत्याही प्रशिक्षकाने दिला नसता. मात्र तिच्याकडे येत ते जमिनीवरून घसटत येणारे चेंडू. हवेत उंच उडालेल्या चेंडूची गोष्ट वेगळी होती.

उंच उडालेला चेंडू दोघांच्या मध्ये उतरू लागला की कुणी घ्यायचा, याचा बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये एक अलिखित दंडक आहे. जो ओरडेल त्याचा. आणि दोघे ओरडले तर मानाची उतरंड. आउटफिल्डमध्ये मधल्या क्षेत्ररक्षकाचा शब्द शेवटचा. इनफिल्डमध्ये शॉर्टस्टॉपचा. दंडक शहाणपणाचा आहे, त्याने टकरी टळतात. त्यात स्त्री-पुरुष असा शब्दही नाही. पण लिखित कलमाने दोन पुरुषांना इनफिल्डमध्ये जागा दिली, त्यातला एक नेहमी शॉर्टस्टॉप झाला. आउटफिल्डमध्ये दोन पुरुषांना जागा दिली, त्यातला एक नेहमी मधला झाला. आणि मग अलिखित दंडकाने, कुणाचेही नाव न घेता, आकाशातला जवळजवळ प्रत्येक चेंडू त्या दोघांच्या हवाली केला. लिहिलेल्या नियमाने जे दिले ते न लिहिलेल्या नियमाने असे परत घेतले, आणि त्याबद्दल पंचांकडे दाद मागायचीही सोय नव्हती.

आमच्या संघात या दंडकाला मराठी साज चढला. आमचा शॉर्टस्टॉप मराठी होता, वयाने लहान, वागण्याने अत्यंत अदबशीर. आम्हा पाचही जणींना तो वहिनी म्हणतो. चेंडू वर उडाला, सेकंड बेसवाली त्याच्याखाली पोचली, हातमोजा उघडला, की शेजारून हाक यायची: "वहिनी, सोडा! सोडा, मी घेतो!" बाकीचे संघ परस्परांवर इंग्रजीत खेकसत असताना आमच्याकडे झेल आदरार्थी बहुवचनात काढून घेतला जाई. आणि या हाकेला नकार देणे किती कठीण आहे, हे मराठी घरांतून वाढलेल्या बायकांना वेगळे सांगायला नको. 'सोडा' म्हणणारा उद्धट असता तर आम्ही भांडलो असतो. पण बादली हातातून काढून घेणारा, जिन्यावर सामान उचलायला धावणारा जो दीर असतो, त्याचाच तो स्वर होता. त्या स्वराला हात आपोआप खाली येतात.

शिवाय मैदानावर पाच वहिनी होत्या. "वहिनी, तुमचा!" अशी हाक आली की एक तर पाचही जणी धावत किंवा कुणीच धावत नसे.

उपाय आमच्यातल्या थोरलीच्या मुलीने सांगितला. ती हायस्कूलच्या संघातून फास्ट पिच खेळते आणि आमचे सामने कुंपणाला टेकून, चेहरा निर्विकार ठेवून पाहते. तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मैदानावर नात्याने हाक मारायची नाही, नावाने किंवा जागेच्या नावाने मारायची. दुसरी, चेंडू बॅटवरून सुटल्याबरोबर ओरडायचे, खाली पोचल्यावर नव्हे. आणि तीन वेळा ओरडायचे. ही दुसरी गोष्ट आम्हाला जड गेली. आमच्यातल्या दोघी शाळेत खो-खो खेळलेल्या, 'खो' देताना मोठ्याने ओरडायची त्यांना सवय होती. पण खो हा दुसऱ्याला उठवण्यासाठी द्यायचा असतो. दुसऱ्याला थांबवण्यासाठी ओरडणे हा वेगळाच व्यायाम निघाला. एक अख्खा एप्रिल आम्ही शाळेच्या रिकाम्या मैदानावर चेंडूशिवाय नुसत्या ओरडण्याचा सराव केला. शेजारच्या घरातून एक आजोबा काय झाले ते पाहायला बाहेर आले होते.

त्या मुलीशी बोलताना आम्हाला जाणवले की तिच्या दृष्टीने सॉफ्टबॉल हा मुलींचाच खेळ आहे. मैदानाची प्रत्येक जागा मुलीची: शॉर्टस्टॉप मुलगी, पिचर मुलगी. 'वहिनी, सोडा' हा प्रश्न तिला पडूच शकत नाही. पण हा खेळ मुलींचा कसा झाला याची कथा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, होबोकेनला घडलेली आहे. १९७२ साली मरिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी तेथे लिटल लीगच्या बेसबॉल संघातून पिचर म्हणून तीन सामने खेळली. मुलगी खेळवली तर गावाच्या लीगची मान्यता काढून घेऊ असा वरून निरोप आला, आणि तिला थांबावे लागले. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली. १९७३ मध्ये न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागापुढील सुनावणीत सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला आणि १९७४ मध्ये लिटल लीगची दारे उघडली. मरियाचे वय तोवर उलटून गेले होते. त्याच वर्षी लिटल लीगने सॉफ्टबॉलचा कार्यक्रमही सुरू केला, आणि उघडलेल्या दारातून आत शिरण्याऐवजी बहुतेक मुली त्या शेजारच्या दाराने गेल्या. त्या दारापलीकडे त्यांना संपूर्ण मैदान मिळाले हे खरेच. पण मुलामुलींनी एकत्र खेळायचे तर कोण कुठे उभे राहील, हा प्रश्न तसाच राहिला. मिश्र सॉफ्टबॉलचे कलम त्या न सुटलेल्या प्रश्नाला हौशी लोकांनी दिलेले कामचलाऊ उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

हा प्रश्न इतरत्र वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. १९०२ साली ॲमस्टरडॅममधील निको ब्रुखाउझेन या शिक्षकाने मुलामुलींनी एकत्र खेळावा म्हणून कोर्फबॉल रचला. त्यात प्रत्येक संघात चार पुरुष, चार स्त्रिया. मैदानाच्या प्रत्येक अर्ध्या भागात संघाचे दोन पुरुष व दोन स्त्रिया. आणि बचाव करताना पुरुषाने पुरुषालाच अडवायचे, स्त्रीने स्त्रीलाच. म्हणजे तेथे नियम जागेबरोबर प्रतिस्पर्धीही ठरवून देतो. टेनिसच्या मिश्र दुहेरीत याउलट काहीच ठरवलेले नाही, आणि जाळ्यापाशी उभा पुरुष जोडीदारणीकडे जाणारा चेंडू मध्येच आडवा येऊन मारतो, त्याला तेथे चातुर्य म्हणतात. सॉफ्टबॉल या दोहोंच्या मध्ये अडकला आहे. त्याला समतेची हौस आहे आणि स्वतःवर विश्वास नाही.

हा अविश्वास क्षेत्ररक्षणाच्या आणखी एका नियमात दिसतो, आणि त्याविषयी आमचे मत बहुतेकांपेक्षा निराळे आहे. स्त्री फलंदाजीला आली की आउटफिल्डच्या चौघांनी एका आखलेल्या रेषेच्या मागे राहायचे. चेंडू बॅटला लागेपर्यंत ती ओलांडायची नाही. आमच्या मैदानावर ही रेषा होम प्लेटपासून १७५ फुटांवर आहे. लीगप्रमाणे आकडा बदलतो. नव्या मुलींना ही रेषा पाहताच संताप येतो: आमच्या फटक्याची ताकद आधीच ठरवून टाकली की काय? दिसते तसेच, पण घडते वेगळे. रेषा नसेल तर काय होते ते पाहा. बाई आली की आउटफिल्डचे चौघे हसत हसत पुढे येतात, शंभर-सव्वाशे फुटांवर उभे राहतात. बेस ६५ फुटांवर. इनफिल्डच्या डोक्यावरून गेलेला स्वच्छ फटका, ज्यावर कोणताही पुरुष आरामात पहिल्या बेसवर पोचेल, तो राइट फिल्डर उचलून सरळ फर्स्ट बेसकडे फेकतो आणि बाई बाद. तिने चूक काहीच केलेली नसते. रेषा ताकदवान बाईला अडवत नाही. तिच्यासाठी क्षेत्ररक्षक आपणहून दोनशे फुटांवर जातात. ती अडवते ते फक्त पुढे चालत येणाऱ्या हसण्याला. त्या हसण्यावर मर्यादा घालायला दुसरा मार्ग आम्हाला तरी सुचलेला नाही.

२०२३ च्या हंगामापूर्वी, मार्च महिन्यात, लीगच्या वार्षिक सभेत एका संघनायकाने ठराव मांडला. पाच पुरुष, पाच स्त्रिया हे राहू द्या. पण कोण कुठे उभे राहील हे सांगणारे कलम काढून टाका. त्याचा मुद्दा साधा होता आणि त्याने तो प्रामाणिकपणे मांडला: जागा गुणांवर मिळाव्यात, स्त्रियांना राखीव जागा देणे म्हणजे त्यांना कमी लेखणे. सभागृहात माना हलल्या. आमच्यातल्या एकीने, जिची आत्या सातारा जिल्ह्यात ग्रामपंचायतीची सदस्य होती, शेजारणीच्या कानात म्हटले, "हे वाक्य मी आधी ऐकले आहे." १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असे 'सरपंचपती' गावोगाव निघाले, हे खरे. तिच्या आत्याकडेही पहिली दोन वर्षे काकाच बैठकीला जात. तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या एका कामावरून आत्या स्वतः गेली आणि मग जातच राहिली. खुर्ची नसती तर जायचे कुठे, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. मतदान झाले, कलम एका वर्षासाठी रद्द झाले.

आणि येथे सांगायला हवे ते गैरसोयीचे सत्य असे की त्या वर्षाइतके सुख आम्हाला आधी कधी मिळाले नव्हते. जुन्या कलमाने इनफिल्डमध्ये दोनच स्त्रियांना जागा होती. दोन म्हणजे किमान दोन, असे आपण सहज वाचतो. पण ती कमाल मर्यादाही होती. आमच्याकडे तोवर तिघी तयार झाल्या होत्या. कलम गेले आणि नायकाने, काहीशा कुतूहलाने, आमच्यातल्या एकीला शॉर्टस्टॉपला उभे केले. सेकंड बेसला आमचीच, थर्डला आमचीच. अदबशीर दीर लेफ्ट-सेंटरला गेला. हंगामाच्या मध्यास एक झेल शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसच्या मध्ये उडाला आणि दोघी एकदम ओरडल्या, तेव्हा दंडकाप्रमाणे सेकंड बेसवाली थांबली आणि शॉर्टस्टॉपवालीने झेल घेतला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतकी ती साधी गोष्ट होती. आम्ही त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेलो.

मैदानाच्या दुसऱ्या बाजूला मात्र वेगळे चालले होते, आणि डावाच्या मध्यंतरात बाकावर बसून ते पाहायला आम्हाला भरपूर वेळ होता. इतर संघांची इनफिल्ड मे महिन्यातच पुरुषांनी भरली. पाच स्त्रियांपैकी एक कॅचर, उरलेल्या चौघी आउटफिल्डमध्ये ओळीने, आणि पाचवा पुरुष पिचर. आउटफिल्डमध्ये चार बायका आहेत म्हणून चेंडू तेथपर्यंत पोचूच नये, असा खेळ ते खेळू लागले. ज्या संघाच्या सेकंड बेसवरील बाईशी आमचे दोन-तीन वर्षांचे सख्य होते, ती राइट फिल्डच्या कुंपणाजवळ गेली. तिथून ती आम्हाला हात करायची. पूर्वी सेकंड बेसवर पोचलेल्या आमच्या धावपटूशी ती डाव सुरू असतानाच मुलांच्या शाळेच्या गोष्टी बोलायची. ऑगस्टमध्ये ती येईनाशी झाली. तिच्या संघाने तिची जागा रिकामी ठेवून दर फेरीला एक बाद सोसला, पण तिला परत सेकंड बेसवर बोलावले नाही.

म्हणजे जे कलम आम्हाला आखूड पडत होते, तेच इतरांच्या अंगावरचे एकमेव वस्त्र होते.

२०२४ च्या मार्चमध्ये कलम परत आणण्याचा ठराव आला. आता पाच जणींचे 'आम्ही' फुटले. शॉर्टस्टॉपवाली विरोधात होती, आणि तिचा युक्तिवाद आम्ही येथे तिच्याच शब्दांच्या जवळ राहून देतो, कारण तो आम्हाला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणाली: मी ४४ वर्षांची आहे. मला या जागेवर खेळायला आणखी चार-पाच हंगाम आहेत. ज्या बायकांसाठी तुम्ही मला मागे यायला सांगता, त्या मला ओळखत नाहीत, आणि त्यांच्या नायकांच्या करणीची किंमत मी का मोजावी? जन्मभर 'इतरांचे बघ' हेच ऐकत आले. एका चेंडूच्या बाबतीत तरी मला माझे बघू द्या. आम्ही चौघींनी तिला सांगितले की दोन स्त्रियांच्या मर्यादेतही ती शॉर्टस्टॉप राहू शकते. ती म्हणाली, "हो, मग तुमच्यातली एक बाहेर जाईल. कोण जाईल ते आत्ता सांगा." कुणीच बोलले नाही.

'किमान दोन' असा बदल आम्ही सभेत सुचवला: इनफिल्डमध्ये दोनहून कमी स्त्रिया नकोत, अधिक चालतील. हा आमच्या मते साधा आणि न्याय्य तोडगा होता. तो फेटाळला गेला, आणि ज्या कारणासाठी फेटाळला गेला ते ऐकून आम्ही अवाक झालो. त्याने आमच्या संघाला अवाजवी फायदा मिळेल, असे म्हणणे पडले. पाच वर्षांपूर्वी आम्ही बाद होण्याला पर्याय म्हणून आलो होतो. शेवटी जुने कलम, जुन्याच शब्दांत, पुन्हा मंजूर झाले. चौघींनी बाजूने मत दिले, एकीने विरोधात, आणि परतताना नेहमीप्रमाणे पाच जणी एकाच गाडीत होतो. हायवेवर अर्धा तास कुणी रेडिओही लावला नाही. पुढल्या दोन हंगामांत आम्ही तिघींत पाळी लावली, दर सामन्याला एक बाहेर.

राइट फिल्डमधून नाहीशी झालेली ती बाई २०२४ मध्ये परत आली, दुसऱ्या एका संघातून, सेकंड बेसवर. ती आमच्यामुळे आली असा दावा आम्ही करत नाही. त्या संघातला तिचा दीर नवा नायक झाला होता, हेही कारण असू शकेल. आमचा अदबशीर गडी आता नावाने हाक मारतो, पण घाईत अजूनही त्याच्या तोंडून 'वहिनी' निसटते, आणि मग पाचपैकी एक कुणीतरी त्याला कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात 'कोण?' असे विचारते.

यंदा पाळी चालणार नाही, असे नायकाने कळवले आहे. दर सामन्याला इनफिल्ड बदलल्याने फेकी चुकतात, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. दोन जागा आणि तिघी जणी. एकीचा गुडघा दुखतो, पण तो दुखतो असे ती मान्य करत नाही. दुसरीची लेक यंदा कॉलेजला जाणार म्हणून तिला शनिवारचे सामने चुकतील. शॉर्टस्टॉपवालीने काही मागितलेले नाही. तिने नवा हातमोजा मात्र घेतला आहे आणि तो रोज रात्री तेल चोळून, आत चेंडू बांधून, गादीखाली ठेवते असे तिच्या नवऱ्याकडून कळले. पहिला सामना मेच्या पहिल्या रविवारी आहे.